एका धावपटूला अकरा जण रोखू शकतात का? वेस्ट पॉइंट, ९ नोव्हेंबर १९१२

१/
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रत्येक मोठ्या सामन्याआधी एक प्रश्न हमखास चर्चेत येतो. समोरच्या संघात वाऱ्यासारखा धावणारा एक रनिंग बॅक आहे. आपली बचावफळी त्याला रोखू शकेल का? प्रश्न निव्वळ खेळाचा वाटतो. परंतु १९१२ साली तो अशा एका मैदानावर विचारला गेला, जिथे एका बाजूला भावी सेनाधिकारी उभे होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच सेनेने पराभूत केलेल्या जमातींची मुले. आजचा थ्रेड त्या दुपारविषयी, आणि त्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तराविषयी.

२/
प्रथम खेळ समजून घेऊ. हे आपल्या परिचयाचे, पायाने खेळायचे फुटबॉल नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे असते. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चार प्रयत्नांत किमान १० यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर, पुढे सरकायचे; जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिस्पर्ध्याची शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. चेंडू घेऊन धावण्याचे काम ज्याचे, तो रनिंग बॅक. त्या काळी त्याला हाफबॅक म्हणत.

३/
कबड्डी पाहणाऱ्याला हे चित्र लगेच कळेल: एक चढाई करणारा आणि त्याची पकड करायला टपलेला सारा संघ. फरक एकच, पण फार मोठा. कबड्डीत चढाई करणारा एकटा असतो. इथे त्याचे दहा सोबती त्याच्यासाठी वाट मोकळी करीत धावतात, आणि त्या दहांपैकी कोणाच्याही हाती चेंडू जाऊ शकतो. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढची सगळी कथा त्याच्याभोवतीच फिरते.

४/
१९०५ पर्यंत हा खेळ म्हणजे जवळपास धक्काबुक्कीच होती. खेळाडू एकमेकांना बिलगून पाचरीसारखे घुसत; मैदानावर मृत्यू होत. प्रकरण इतके गंभीर झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून कानउघाडणी केली. १९०६ मध्ये नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, प्रथमच मान्यता मिळाली.

५/
१९१२ च्या हंगामाआधी नियमांत आणखी मोठे फेरफार झाले. १० यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न. मैदानाची लांबी ११० ऐवजी १०० यार्ड. टचडाउनचे मोल ५ ऐवजी ६ गुण. पास किती लांब फेकावा यावरची २० यार्डांची मर्यादा रद्द. या साऱ्याचा अर्थ बचावफळीच्या दृष्टीने एकच होता: आता सर्वांनी मध्यभागी गर्दी करून भागणार नव्हते. राखायची जागा वाढली होती. राखणारे मात्र अकराच होते.

६/
आता दोन संघांकडे वळू. पहिला संघ कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलचा. १८७९ मध्ये सेनाधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका जुन्या लष्करी छावणीत ही निवासी शाळा उघडली. मूळ निवासी जमातींची मुले घरापासून शेकडो मैल दूर आणायची, त्यांचे केस कापायचे, नावे बदलायची, मातृभाषेला बंदी घालायची आणि त्यांना 'सुसंस्कृत' करायचे, असा तिचा घोषित कार्यक्रम. मुलातला इंडियन मारून माणूस वाचवायचा, या आशयाचे प्रॅट यांचे उद्गार कुप्रसिद्ध आहेत.

७/
हजारो मुले या शाळेतून गेली. पहिल्या तुकडीतील बरीचशी मुले लाकोटा जमातीची होती. क्षय व इतर रोगांनी अनेकांना तिथेच गाठले. शाळेच्या आवारातील दफनभूमीत १८० हून अधिक मुलांच्या कबरी होत्या. त्यातील काहींचे अवशेष अलीकडच्या वर्षांत त्यांच्या जमातींकडे परत नेण्यात आले. कार्लाइलच्या फुटबॉलच्या गोष्टी रंगवून सांगताना ही दफनभूमी नजरेआड करता येत नाही. मैदान आणि दफनभूमी एकाच संस्थेची होती.

८/
याच शाळेने देशातला सर्वांत कल्पक फुटबॉल संघ घडवला. खेळाडू बहुधा अंगाने लहान. हार्वर्ड-येलच्या धिप्पाड मुलांपुढे बळ चालणार नाही हे उघड होते. मग त्यांनी वेग आणि हुलकावणी यांचा आश्रय घेतला. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी चेंडू चक्क एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे दडवला. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत राहिले आणि तो खेळाडू रेषेपार पोहोचला. १९०७ मध्ये नव्यानेच मान्य झालेल्या फॉरवर्ड पासच्या बळावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा २६–६ असा फडशा पाडला.

९/
प्रशिक्षक होते ग्लेन 'पॉप' वॉर्नर. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात ज्यांच्या रचनांनी खेळाचे रूप बदलले, अशा मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. समोरच्या बचावफळीला तिच्या सवयींच्या विरुद्ध विचार करायला लावायचे, ही त्यांची पद्धत. माणूस म्हणून ते तितकेसे निष्कलंक नव्हते. ते पुढे येईलच.

१०/
आणि मग जिम थॉर्प. जन्म १८८७ चा, आजच्या ओक्लाहोमा राज्यातील तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत, सॅक अँड फॉक्स जमातीत. जमातीतले नाव वा-थो-हक. त्याचा अर्थ साधारणतः 'उजळलेली वाट' असा सांगितला जातो. जुळा भाऊ चार्ली बालपणीच आजाराने गेला. आई-वडीलही लवकर गेले. १९०४ मध्ये हा मुलगा कार्लाइलला आला. धावणे, उड्या, भालाफेक, बेसबॉल, फुटबॉल... ज्या खेळाला हात लावला त्यात तो अव्वल ठरत गेला.

११/
१९११ च्या नोव्हेंबरात कार्लाइलने बलाढ्य हार्वर्डला त्यांच्याच मैदानावर १८–१५ असे हरवले. पायाला दुखापत असूनही थॉर्पने त्या सामन्यात चार फील्ड गोल मारले. १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिक झाले. पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही बहुक्रीडा स्पर्धांत त्याला सुवर्णपदक मिळाले. डेकॅथलॉनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा जवळपास ७०० गुणांनी पुढे होता. शरद ऋतूत तो कार्लाइलला परतला आणि पुन्हा हाफबॅक म्हणून मैदानात उतरला. आता साऱ्या देशाची नजर त्याच्यावर होती.

१२/
दुसरा संघ आर्मीचा, म्हणजे न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी वसलेल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा. बचावात हा संघ भक्कम होता. त्याच हंगामात येलसारख्या मातब्बर संघालाही त्यांनी केवळ ६ गुणांवर थोपवले होते. या संघात २२ वर्षांचा एक कॅडेट होता. चढाईत तो हाफबॅक, बचावात लाइनबॅकर, कारण तेव्हा तेच अकरा जण दोन्ही बाजूंनी खेळत. त्याचे नाव ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या स्वारीचे सरसेनापतिपद आणि त्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद भूषवणारा हाच तो.

१३/
सामन्याला इतिहासाची धार होती. डिसेंबर १८९० मध्ये वुंडेड नी येथे अमेरिकन सेनेच्या सातव्या घोडदळाने लाकोटा स्त्री-पुरुष-बालकांची कत्तल केली होती. मृतांचा आकडा दीडशेहून अधिक, काही गणनांनुसार तीनशेच्या आसपास. त्या घटनेला जेमतेम २२ वर्षे लोटली होती. मैदानावरचे कित्येक खेळाडू त्या सुमारासच जन्मलेले. समोरच्यांचे वाडवडील आणि आपले वाडवडील कोणत्या मैदानांवर भेटले होते, याची आठवण वॉर्नर यांनी आपल्या खेळाडूंना करून दिली, असे सांगितले जाते. सांगायची गरज कितपत होती, हा प्रश्नच आहे.

१४/
आर्मीचा बेत सरळ होता: थॉर्पला रोखायचे. नुसते अडवायचे नाही, तर शक्य झाल्यास त्याला मैदानाबाहेर घालवायचे. यात काही विशेष लपवाछपवी नव्हती. आयझेनहॉवर आणि त्याचा साथीदार चार्ल्स बेनेडिक्ट यांनी ठरवले होते की दोघांनी एकाच वेळी थॉर्पवर झेप घ्यायची, एकाने वर आणि एकाने खाली. त्या काळच्या पातळ चामडी टोपीच्या आणि तुटपुंज्या गाद्यांच्या युगात अशा धडकेनंतर माणूस सहसा लवकर उठत नसे.

१५/
तर्कदृष्ट्या हा बेत चूक नव्हता. बदली खेळाडूंची सोय तेव्हा मर्यादित होती. प्रतिपक्षाचा सर्वोत्तम खेळाडू चढाईत, बचावात आणि किक मारण्यातही सर्वोत्तम असेल, तर त्याला काढले की तिन्ही आघाड्यांवर तो संघ दुबळा होतो. ज्यावर सारा डोलारा उभा आहे तो खांबच पाडावा, असा हा हिशोब. त्यात एक गृहीत मात्र दडलेले होते: डोलारा एकाच खांबावर उभा आहे.

१६/
वॉर्नर यांनी नेमका हाच ग्रह हेरला असावा. या सामन्यासाठी त्यांनी एक नवी मांडणी राखून ठेवली होती. पुढे ती 'डबल विंग' या नावाने प्रसिद्ध झाली. तोवर चेंडू घेऊन धावणारे खेळाडू बहुतेक मागे एकत्र उभे राहत. वॉर्नर यांनी दोन्ही हाफबॅक पुढे आणून रांगेच्या दोन टोकांना, किंचित बाहेर उभे केले. पक्ष्याने दोन्ही पंख पसरावेत तशी ही रचना. मागे खोलवर एकच खेळाडू उरला.

१७/
याचा परिणाम काय? बचाव करणाऱ्याला चेंडू डावीकडे जाणार की उजवीकडे, याचा अंदाज येईना. टोकाचा खेळाडू आत वळून चेंडू घेऊ शकत होता, किंवा घेतल्याची हूल देऊ शकत होता, किंवा सरळ पुढे धावून पास झेलू शकत होता. मधे गर्दी केली तर बाजू मोकळ्या, बाजू राखल्या तर मध्य विरळ. आणि ज्यांचे डोळे केवळ थॉर्पवर खिळलेले, त्यांच्या हातून तर दोन्ही निसटणार होते.

१८/
९ नोव्हेंबर १९१२, शनिवार. पहिला टचडाउन आर्मीनेच केला आणि ६–० अशी आघाडी घेतली. मग जो बर्गी कार्लाइलसाठी रेषेपार घुसला आणि टचडाउननंतरच्या किकच्या गुणाने कार्लाइल ७–६ असे पुढे गेले. मध्यंतराला फरक अवघा एका गुणाचा. इथवर आर्मीचा बेत फसला, असे कोणी म्हटले नसते. थॉर्पच्या नावावर एकही टचडाउन नव्हता.

१९/
दुसऱ्या सत्राच्या आरंभीच आर्मीचा तोल गेला. त्यांचा कर्णधार लेलँड डेव्होर हा महाकाय गडी कार्लाइलच्या जो गायनवर तुटून पडला. गायन त्याच्यापेक्षा बराच लहान; पण पूर्वार्धभर त्यानेच डेव्होरला जेरीस आणले होते. पंचांनी डेव्होरला मैदानाबाहेर काढले. बळावर भिस्त ठेवणाऱ्या संघाचा सर्वांत बलवान खेळाडू चिडीपायी गेला.

२०/
आणि मग कार्लाइलचे पंख खुलले. उत्तरार्धात अ‍ॅलेक्स आर्कासा या हाफबॅकने एकामागून एक तीन टचडाउन केले. नाव नीट वाचा: आर्कासा. थॉर्प नव्हे. आर्मीचे खेळाडू थॉर्पकडे झेपावत, आणि चेंडू आर्कासाच्या हाती असे. थॉर्प धावे तेव्हा तीन-चार जण त्याच्याकडे ओढले जात. तो धावत नसे तेव्हाही ओढले जात. अंतिम गुणफलक: कार्लाइल २७, आर्मी ६.

२१/
आयझेनहॉवर आणि बेनेडिक्ट यांचे काय झाले? दोघांनी मिळून एकदा थॉर्पला जबरदस्त धडक दिली. तो काही क्षण पडून राहिला. काम फत्ते झाले असे दोघांना वाटले. पण थॉर्प उठला आणि खेळू लागला. पुढच्या खेपेस दोघे पुन्हा झेपावले, तेव्हा तो ऐन क्षणी थबकला आणि हे दोघे एकमेकांवरच आदळले. चक्रावलेल्या अवस्थेत दोघांनाही मैदान सोडावे लागले. पुढच्याच आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध आयझेनहॉवरच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचे फुटबॉल कायमचे संपले.

२२/
या सामन्याची एक दंतकथा फार लोकप्रिय आहे. थॉर्पने ९२ यार्ड धावून टचडाउन केला, तो सोबत्याच्या नियमभंगामुळे रद्द झाला, आणि लगेच पुढच्या खेपेस त्याने ९७ यार्ड धावून पुन्हा टचडाउन केला. कथा सुंदर आहे. पण नंतर रचली गेलेली. त्या वेळच्या वृत्तपत्रांतले वर्णन असे: आर्मीने आपल्या रेषेजवळून किक मारली, थॉर्पने ती सुमारे ४५ यार्डांवर झेलली आणि जवळपास साऱ्या आर्मी संघाला चकवत तो रेषेपार गेला. नियमभंगामुळे ती धाव रद्द झाली.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबावे. त्या दिवसाची सर्वांत गाजलेली धाव गुणफलकात शून्य मोलाची होती. दंतकथेला ते सहन झाले नाही. तिने थॉर्पला एक टचडाउन बहाल केला, कारण नायकाने गुण मिळवल्याशिवाय विजय शोभत नाही, असे आपल्याला वाटते. वास्तवातली हकिकत अधिक मोलाची आहे. नायकाला टचडाउन मिळाला नाही आणि तरीही त्याचा संघ २१ गुणांनी जिंकला.

२४/
मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? आर्मीने थॉर्पला रोखले का? टचडाउन मोजले तर होय, रोखले. सामना मोजला तर मुळीच नाही. अकरा जणांपैकी तीन एकाच्या मागे लागले, तर उरलेल्या दहांना आठच जण पुरवावे लागतात. उत्तम रनिंग बॅकची खरी ताकद त्याने कापलेल्या यार्डांत जितकी असते, तितकीच त्याने स्वतःकडे खेचून घेतलेल्या माणसांत असते.

२५/
त्या हंगामात कार्लाइल अगदीच अजिंक्य होते, असे मात्र समजू नये. ऑक्टोबरात वॉशिंग्टन अँड जेफरसन या छोट्या महाविद्यालयाने त्यांना ०–० असे बरोबरीत ठेवले. वेस्ट पॉइंटनंतर आठवड्याभरातच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना ३४–२६ असे हरवले. दोन सामने, दोन मार्ग. एकाने सर्वांनाच रोखून धरले. दुसऱ्याने २६ गुण खुशाल दिले आणि स्वतः ३४ मिळवले. १४ सामन्यांत १२ विजय, एक बरोबरी, एक पराभव असा तो हंगाम संपला. थॉर्पच्या नावावर २५ टचडाउन आणि १९८ गुण नोंदवले जातात.

२६/
तारकांना पुरते रोखल्याचे नामांकित उदाहरणही आर्मीच्याच इतिहासात सापडते, आणि योगायोगाने तारीखही तीच: ९ नोव्हेंबर १९४६. या खेपेस तारे आर्मीकडे होते: डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस. दोघेही हाइझमन करंडकाचे मानकरी. पहिला १९४५ चा, दुसरा १९४६ चा. सलग २५ सामने जिंकत आलेला हा संघ न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये नोत्र दामसमोर उभा राहिला. निकाल ०–०. मोकळ्या मैदानात सुटलेल्या ब्लँचर्डला जॉनी लुजॅकने एकट्याने पाडले, तो क्षण आजही सांगितला जातो.

२७/
पण त्या शून्याची किंमत पाहा. नोत्र दामलाही एक गुण मिळाला नाही. दोन्ही प्रशिक्षक इतके सावध झाले की 'शतकातला सामना' म्हणून गाजावाजा झालेली लढत कोंडीतच संपली. म्हणजे रोखता येते, निश्चित येते. त्यासाठी संपूर्ण फळी शिस्तीने आपापली जागा राखणारी हवी आणि शेवटच्या माणसाची पकड पक्की हवी. एवढे करूनही हाती येते ती बहुधा बरोबरी. तारा रोखणे आणि सामना जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२८/
आता थॉर्पकडे परत येऊ, कारण त्याला अखेर रोखले गेलेच. नोव्हेंबर १९१२ अखेर ब्राउन विद्यापीठाविरुद्ध तो कार्लाइलसाठी शेवटचा सामना खेळला. कार्लाइल ३२–० असे जिंकले. जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील एका वृत्तपत्राने बातमी दिली की थॉर्पने १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळले होते. म्हणजे तो 'हौशी' खेळाडू नव्हता. म्हणजे ऑलिंपिकला अपात्र.

२९/
त्या काळी कित्येक महाविद्यालयीन खेळाडू सुटीत असे पैसे मिळवत. बहुतेक जण खोटे नाव लावत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. त्याने अमेरिकन हौशी क्रीडा संघटनेला पत्र लिहून सारे कबूल केले आणि आपल्याला या गोष्टी कळत नव्हत्या, अशी विनवणी केली. आपल्याला यातले काही ठाऊक नव्हते, असे वॉर्नर यांनी सांगितले. अनेक इतिहासकारांना ते पटत नाही. ऑलिंपिकच्या नियमानुसार अशी हरकत ३० दिवसांत घ्यायला हवी होती. सहा महिने उलटले होते. तरीही पदके काढून घेतली गेली आणि नोंदीतून नाव पुसले गेले.

३०/
जे अकरा जणांना जमले नाही, ते एका कागदाने केले. मैदानावर थॉर्पभोवती दहा सोबती होते. तिथे तो एकटा कधीच नव्हता. त्या कागदासमोर मात्र तो एकटा पडला. त्याच्या नावावर मोठी झालेली शाळा, त्याच्या जोरावर कीर्ती मिळवलेला प्रशिक्षक, त्याला ऑलिंपिकला पाठवणारी संघटना, यांपैकी कोणीही त्याच्यासाठी वाट मोकळी केली नाही. रनिंग बॅक थांबतो तो बहुधा असाच, पुढची माणसे बाजूला झाली की.

३१/
पुढचे थोडक्यात. थॉर्प व्यावसायिक बेसबॉल आणि फुटबॉल खेळला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि दोन वर्षांनी एनएफएल हे नाव धारण केलेल्या व्यावसायिक संघटनेचा तो पहिला अध्यक्ष. कार्लाइल शाळा १९१८ मध्ये बंद पडली. मूळ निवासींना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा १९२४ मध्ये आला. आयझेनहॉवर २० जानेवारी १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी २८ मार्चला थॉर्पचे निधन झाले. आपण पाहिलेल्या फुटबॉलपटूंत थॉर्पच्या तोडीचा कोणी नव्हता, असे आयझेनहॉवर उतारवयातही सांगत.

३२/
१९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने थॉर्पला पदके बहाल करण्याचा निर्णय घेतला, पण 'सहविजेता' म्हणून. स्टॉकहोममध्ये तो निर्विवाद पहिला होता. नोंदवहीत मात्र त्याच्या शेजारी दुसरे नाव राहिले. १५ जुलै २०२२ रोजी, स्पर्धेनंतर तब्बल ११० वर्षांनी, दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव अखेर नोंदले गेले.

३३/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या सामन्याआधी 'त्या एका रनिंग बॅकला रोखणार कसे?' हा प्रश्न ऐकू आला, तर त्याला दोन उपप्रश्न जोडावेत. रोखण्यासाठी किती माणसे खर्ची घालणार? आणि ती गेल्यावर उरलेल्यांना कोण सांभाळणार? वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांनी त्या दुपारी पहिल्याचे उत्तर दिले होते, दुसऱ्याचे नाही. अ‍ॅलेक्स आर्कासाने ते त्यांना तीनदा विचारले.

थ्रेड समाप्त. 🏈